फ्रिजमधली किल्ली

मेरिन टलॉक गाताना लोकांकडे पाठ करते, हे पोर्ट चाल्मर्स या बंदराच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पबमध्ये कोणी ओरडलं, "बाई, तोंड दाखव की!" तर न वळता विचारते, "तोंड बघायला आलायस की गाणं ऐकायला?" चौदाव्या वर्षी जुनी गिटार हाती आली तेव्हापासूनचा हा खाक्या. आता चाळिशी आली. दिवसा शाळेची बस चालवायची आणि उरल्या वेळात मनात साचलेलं गाण्यात उतरवायचं. ऑकलंडच्या एका रेकॉर्ड कंपनीवाल्याने एकदा फोनवर सल्ला दिला, "जरा आनंदी लिही, नाचता येईल असं." तिने विचारलं, "तू नाचतोस?" तो म्हणाला, नाही. तिने फोन ठेवून दिला.

रेकॉर्डिंग तिच्या स्वयंपाकघरातच चालतं. तिथल्या लाकडी भिंती आवाजाला मानवतात. अडचण एकच, फ्रिजची घरघर. म्हणून त्याचा प्लग काढायचा. एकदा तो परत लावायला विसरली आणि आठवड्याचे मासे कुजले. दोन दिवस घरात पाऊल टाकवेना. तेव्हापासून नियमच झाला: आलेल्या प्रत्येकाने गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. निघताना किल्लीसाठी फ्रिज उघडला की आतला अंधार बघून प्लग आठवतो.

त्या शनिवारी सकाळी तिचे वडील आर्ची तणतणत आले. प्लग काढलेला दिसताच सवयीने किल्ली फ्रिजमध्ये टाकली आणि मग भांडायला उभे राहिले.

"पोरी, डंकनवर गाणं केलंयस म्हणे."

डंकन तिचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी आर्चींच्या मासेमारीच्या बोटीवरून पाण्यात पडून गेला. अचानक मोठी लाट आली, असं आर्चींनी गावाला सांगितलं आणि गावाने भलेपणाने ते मानलं. मेरिनला मात्र त्यांनी एकदाच, दारूच्या भरात, खरं सांगितलं होतं. समुद्र शांत होता. सुकाणूपाशी त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा बोटीवर पोरगा नव्हता.

"माझा डोळा लागल्याचं कडवं काढून टाक."

"नाही काढणार."

"घरातलं चव्हाट्यावर मांडतेस? धक्क्यावर तोंड कसं दाखवू मी?"

"माझ्यासारखी पाठ कर."

"चेष्टा पुरे! लाट आली म्हण. काय बिघडतं तुझं?"

"अकरा वर्षं तेच म्हणतोय आपण, डॅड. इतर कुठेही बोलेन खोटं. गाण्यात नाही बोलणार."

बोलली खरी. आई नाही, भाऊ नाही. उरलेला हा एकच माणूस. हा आज रागाने गेला तर परत उंबरा चढणार नाही, हे ती जाणून होती. तरी तिने टेपवर रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच.

आर्ची तरातरा फ्रिजपाशी गेले आणि थबकले. टेप चालू असताना या घरात साधा चमचाही कोणी वाजवत नाही; वाजवणाऱ्याला आजवर सगळ्यांत जास्त त्यांनीच झापलं होतं. ते तसेच उभे राहिले. मेरिनने आज पाठ केली नाही. त्यांच्या डोळ्यांत बघून ती गायली:

पाणी होतं आरशासारखं, लाट कुठलीच नव्हती,
दमल्या जिवाचा डोळा लागला, एवढीच चूक होती.

टेप थांबली. आर्चींनी फ्रिज उघडला, अंधारात चाचपून किल्ली काढली. मेरिन दार आपटण्याची वाट बघत राहिली.

"एवढीच नव्हती," ते म्हणाले. "लाइफ जॅकेट काढ, असं मीच म्हणालो त्याला. उकडत होतं बिचाऱ्याला. हे तुलाही नव्हतं सांगितलं."

मेरिनने गाण्याचा कागद पुढे ओढला.

"गाणारच असशील तर अर्धवट गाऊ नकोस. तेही घाल."

त्यांनी किल्ली परत फ्रिजमध्ये ठेवली, दार आवाज न करता लावलं आणि खुर्ची ओढून बसले.

"घे, पहिल्यापासून."