दुसऱ्या गियरमधला चढ

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, जुन्या गाड्यांची इंजिनं बांधतात. लग्नाच्या दिवशीसुद्धा त्यांच्या नखांतलं ग्रीस निघालं नव्हतं आणि बाबांनी भर पाहुण्यांत नाक मुरडलं होतं, हे मी त्यांना अजून दर भेटीला ऐकवते. मेहुणीचा तेवढा हक्क असतो. पण दुसऱ्या कुणी त्यांना नावं ठेवली, तर मी त्याची गय करत नाही.

बाबांकडे एक जुनी दोन दारांची गाडी आहे. दर वर्षी गावाबाहेरच्या टेकडीवर जुन्या गाड्यांची चढाची शर्यत होते आणि बाबा तरुणपणापासून तीत उतरतात. गेल्या खेपेला शेवटच्या वळणाआधी त्यांना गियर बदलता आला नाही. डावं मनगट संधिवातानं आखडलंय. स्टिअरिंग धरता येतं, पण गियरचा दांडा झटकन ओढता येत नाही. गाडी चढावर बंद पडली, मागे घरंगळली आणि अनोळखी लोकांनी ती ढकलत वर नेली.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "दांडा अडकला होता."

आम्ही निमूट माना डोलावल्या. बाबांच्या हाताचा विषय काढायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. मग ते म्हणाले, "पुढच्या वर्षी माझ्या हातून चढली नाही, तर या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही." बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या रात्री ते जेवले नाहीत.

काही दिवसांनी भाऊजी सहज बोलल्यासारखे म्हणाले, "बाबा, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा थकल्यात. इंजिन उघडून बघू का?"

बाबा म्हणाले, "बघा. पण वाट लावू नका."

खरं कारण मला गॅरेजमध्ये कळलं. त्या चढावर दुसऱ्या गियरमध्ये इंजिन अर्ध्यातच दम टाकतं. म्हणून तिसरा टाकायचा आणि वळणाला पुन्हा दुसरा. तेच इंजिन आणखी वेगानं फिरायला लागलं, तर दुसऱ्या गियरमध्येच थेट माथा गाठता येईल.

"म्हणजे दुखणं हाताचं आणि औषध इंजिनाला?" मी विचारलं.

"हळू बोल की! ताईला सांगू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही."

माझ्या पोटात राहतं, असं त्यांना वाटलं, याचंच मला अप्रूप.

असं इंजिन जास्त फिरवणं म्हणजे खेळ नव्हे. वेग वाढला की जुन्या स्प्रिंगांना व्हॉल्व्ह वेळेवर मिटवता येत नाहीत, वर येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो आणि सगळ्याचा चुराडा होतो. भाऊजींनी कडक स्प्रिंगा बसवल्या, व्हॉल्व्ह जास्त उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट घडवून घेतला. ताईचा स्वयंपाकघरातला वजनकाटा पळवून त्यावर पिस्टन तोलले आणि जड निघेल तो घासून बाकीच्यांच्या बरोबरीला आणला. ताईनं घर डोक्यावर घेतलं. मग त्यांनी मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती मागितली. पिस्टनच्या माथ्यावर ती थापली, इंजिन हातानं सावकाश फिरवलं, पुन्हा उघडलं आणि व्हॉल्व्हनं दाबलेली माती सुरीनं कापून तिची जाडी मोजली. पातळ निघाली. म्हणजे मध्ये जागा कमी. त्यांनी सगळे पिस्टन बाहेर काढले, त्यांच्या माथ्यावर खाचा कोरल्या आणि पुन्हा मातीपासून सुरुवात केली. मी असते तर पाना भिरकावून दिला असता. त्या माणसाच्या चिकाटीपुढे मी तरी हात टेकले.

इंजिन झालं. चाचणीला भाऊजी बाबांच्या शेजारी बसले, मी मागे. गाडी मस्त पळत होती. पण इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा काटा धोक्याच्या जुन्या लाल रेघेला टेकला मात्र, बाबांचा पाय आपोआप उठला आणि डावा हात दांड्याकडे गेला. जन्मभराची सवय ती! पुन्हा केलं, पुन्हा तेच. इंजिन पुढे जायला तयार होतं, बाबा नव्हते.

मी भाऊजींवर उखडले. "तोंडावर सांगून टाका ना, गियर बदलू नका म्हणून!"

"ते 'का' म्हणून विचारतील. मग काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मीटरची केबल सोडवून ठेवली. "बाबा, मीटर गेलाय. नवा मिळेपर्यंत इंजिन ओरडेल तेवढं ओरडू द्या, मी बघून घेतलंय."

"एवढी खुडबूड केलीत आणि होता तो मीटर घालवलात!" बाबा कडाडले. पण शर्यतीच्या दिवशी गाडीत बसल्यावर त्यांनी त्या मेलेल्या काट्यावर टिचकी मारली आणि भाऊजींकडे जरा वेळ पाहिलं.

बाबांना खाली सोडून आम्ही सगळे टेकडीच्या माथ्यावर येऊन थांबलो होतो. पहिला गियर सुटतानाच बदलायचा असतो, तिथे घाई नसते. दुसरा पडल्याचं आम्हाला ऐकू आलं. मग आवाज चढत गेला. गियर बदलायच्या नेहमीच्या जागी आला तशी ताईनं माझा दंड धरला. आवाज तुटला नाही. आणखी वर गेला, इतका की शेजारचे लोक कानांवर हात ठेवून हसायला लागले. भाऊजींनी डोळे मिटून घेतले होते. त्यांना एकेक स्प्रिंग ऐकू येत असणार. गाडी शेवटच्या वळणातून बाहेर पडली, तशीच तडक वर आली आणि रेघ ओलांडून थांबली. मी रडले, उगाच कशाला लपवू?

लोक बाबांभोवती जमले, पाठीवर थाप मारू लागले. बाबांनी त्यांना बाजूला सारलं, भाऊजींपुढे आले आणि सगळ्यांच्या देखत गाडीची किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

"खाली तुम्ही घेऊन चला. उतारावर गियर बदलावे लागतात, आणि माझ्या हातानं ते होत नाही."