हॉलमधलं एकमेव मूल

भिंगारच्या एका मंगल कार्यालयात अंगणवाडी सेविकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं आणि मी त्यांची पर्यवेक्षिका म्हणून हजेरीपत्रक सांभाळत होते. विषय होता बालशिक्षणाच्या मूलभूत संकल्पना. शिकवायला पुण्याहून एक सर आले होते. कडक इस्त्रीचा कुर्ता, खांद्याला झोळी, आणि लहान मुलांवर प्रेम इतकंच की पडद्यावरच्या चित्रांना पुरावं.

"मूल जन्मजात शास्त्रज्ञ असतं," सर म्हणायचे आणि साठ बायका ते वहीत उतरवून घ्यायच्या. मूल ऐकून नाही, करून शिकतं, हेही त्यांनी आम्हाला दोन दिवस खुर्चीत बसवून ऐकवलं. कुणी पाय मोकळे करायला उठलं की त्यांच्या कपाळावर आठ्या. ज्ञानरचनावाद हा शब्द तर ते तोंडात पेढा असल्यासारखा घोळवायचे. एकीनं तो वहीत चुकीचा लिहिला तेव्हा तिची वही वर धरून हसले. ती बाई वीस वर्षं गावची पोरं सांभाळत होती. तिला सरांनी एकही प्रश्न विचारला नाही.

मीही काही कमी नव्हते. पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते.

तिसऱ्या दिवशी शनिशिंगणापूरच्या बाजूची एक सेविका चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. दारातच मला म्हणाली, "मॅडम, सासू आजारी हाय, घरी कुनी न्हाई. पोरगी लई गप बसती. आजचा दिस भरू द्या, न्हाईतर परत तीन दिस यावं लागंल." नियम तसाच होता. एक सत्र चुकलं तरी प्रमाणपत्र नाही, पुढच्या तुकडीत पुन्हा पहिल्यापासून. मी मोठा उपकार केल्याच्या थाटात तिला मागे बसायला सांगितलं.

दुपारी सरांनी टेबलावर दोन पेले ठेवले, एक उंच, एक पसरट. दोन्हींत सारखंच पाणी ओतलं आणि विचारलं, चार वर्षांचं मूल कशात जास्त पाणी आहे म्हणेल? उत्तर पडद्यावर होतंच, 'उंच पेल्यात', ते सगळ्या बायकांनी एका सुरात वाचलं. तेवढ्यात खरोखरचं चार वर्षांचं मूल उठून टेबलापाशी आलं. पोरीनं उंच पेला उचलला आणि पसरट पेल्यात उपडा केला. पाणी सांडलं ते थेट सरांच्या लॅपटॉपच्या दिशेनं.

"हिला आधी बाहेर काढा," सर म्हणाले. "इथे गंभीर विषय चाललाय."

साठ बायकांनी माना वह्यांत घातल्या. मीही. आई पोरीला उचलून बाहेर गेली.

मी बसले होते तिथून खिडकीतून पायरी दिसत होती, बोलणंही ऐकू येत होतं. त्या बाईनं पोरीला पाण्याची बाटली आणि चहाचे दोन कागदी कप दिले होते, एक लहान, एक मोठा. पोरगी ओतत होती. आई विचारत होती, "आता कशात जास्त हाय गं?" पोरगी बराच वेळ बघून एका कपावर बोट ठेवायची. "मंग ह्याच्यात वतून बघ की," आई म्हणायची. असं अर्धा तास चाललं. आत सर मुक्त खेळाचे फायदे सांगत होते, एकूण नऊ. मला त्या माणसाचा तिटकारा आला. पण तिला आत बोलवायला मी उठले नाही.

संध्याकाळी हजेरीपत्रक घेऊन बसले तेव्हा सर शेजारी येऊन उभे राहिले. "त्या बाई सत्रात नव्हत्या."

"पायरीवरच होत्या, सर."

"पायरीवर प्रशिक्षण होत नसतं, मॅडम."

ती समोरच उभी होती, भिजलेल्या फ्रॉकची पोरगी कडेवर. "मॅडम, सरांनीच भाईर घालवलं ना मला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. तिचं खरं होतं, सगळ्यांनी पाहिलं होतं. मी हजेरी लावली असती तर सर माझं काय वाकडं करणार होते? पण प्रशिक्षणाचा अहवाल तेच वर पाठवणार होते आणि त्यात माझ्या कामाबद्दल दोन ओळी असणार होत्या. त्या दोन ओळींसाठी मी तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं.

त्याच्या शेजारी कारणाचा रकाना होता. तो रिकामा ठेवलेला वर चालत नाही. मी तिच्याकडे न बघता, नीट अक्षरात लिहिलं: लहान मूल.