बिनआवाजाचे टायर

अख्ख्या दिल्लीत हॉर्न न वाजवता गाडी चालवणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि माझं नशीब असं की रोज ऑफिसला मी त्याच्याच गाडीतून जायचो. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत तो माझ्या वरच्या मजल्यावर राहायचा. तो नाशिकचा, मी पुण्याचा, आणि ऑफिस दोघांचं एकच, नोएडाच्या एक्सप्रेसवेवर. गाडी त्याची. माझ्याकडे गाडी नाही, कारण मी ड्रायव्हिंग तीनदा शिकलो आहे आणि तिन्ही वेळा शिकवणाऱ्याने हात जोडले आहेत. त्यामुळे चालवायचं त्याने आणि डावीकडून कोणी येत नाही ना हे बघायचं मी, अशी आमची वाटणी होती. मी ते काम कसं केलं हे गाडीच्या डाव्या दाराकडे पाहिलं की कळायचं. सिग्नल हिरवा झाला आणि पुढचा माणूस हललाच नाही, तरी हा शांतपणे थांबून राहायचा. मागचे लोक हॉर्न वाजवून, काच खाली करून, आमच्या घराण्याची चौकशी करून पुढे निघून जायचे. "जागा होईल यार तो," हा म्हणायचा. तो जागा व्हायचा, पण तोवर सिग्नल पुन्हा लाल झालेला असायचा.

त्याचे कान ही एक वेगळीच भानगड होती. माझे कान चष्मा अडकवण्यापलीकडे फारसे कामाला आलेले नाहीत. त्याला मात्र सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जायच्या आधी आठवडाभर कळायचं. कुणाकडे जेवायला गेला तर पापड आमटीत बुडवून, मऊ करून खायचा. घरातल्या प्रत्येक दाराला त्याने जुन्या लोकरी मोज्यांचे तुकडे चिकटवले होते. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणायचा, "दोन माणसं म्हटलं की आवाज आलाच." माझा स्टीलचा डबा मागच्या सीटवर खडखडतो म्हणून एका दिवाळीला त्याने मला प्लास्टिकचा डबा भेट दिला. मी तो मैत्रीची खूण समजून ऑफिसभर दाखवत फिरलो.

या सगळ्या शांततेत त्याला एकच आवाज हवा असायचा, तो म्हणजे त्याच्या आईचा. ती नाशिकला एकटी राहायची. रोज सकाळी तिची पूजा आटोपली की तिचा फोन यायचा, आणि आम्ही तेव्हा नेमके एक्सप्रेसवेला लागलेले असायचो. फोन गाडीच्या स्पीकरवर यायचा, त्यामुळे ते बोलणं माझ्याही वाट्याला यायचं. आधी तिचा गुडघा, मग समोरच्या घरातलं मांजर, मग "तो शेजारी बसणारा आहे का? त्याची सर्दी गेली का?" माझं नाव तिच्या कधी लक्षात राहिलं नाही, पण माझ्या सर्दीची खबर माझ्या बायकोपेक्षा तिला जास्त असायची. एवढं होईपर्यंत काँक्रीटचा पट्टा सुरू व्हायचा. डांबर संपून चाकं काँक्रीटवर आली की टायर असे घुमायला लागायचे की आईचं शेवटचं वाक्य त्यात बुडून जायचं. हा म्हणायचा, "हो हो आई, ठेवतो," आणि ठेवून द्यायचा.

या "हो हो आई"चा अर्थ आम्हाला एका रविवारी सकाळी कळला. त्याच्या दारात आईच्या भजनी मंडळातल्या चार बायका वळकट्या आणि लाडवाचे डबे घेऊन उभ्या होत्या. हरिद्वारला जाताना चार दिवस मुक्काम. "तुम्ही फोनवर लगेच हो म्हणालात हो," त्यातली थोरली बाई म्हणाली, "आजकाल असा मुलगा मिळत नाही." त्या असेपर्यंत हा माझ्याकडे झोपायला होता आणि वर पहाटेपासून टाळ वाजत होते. पण त्या गेल्यावर तो टाळांबद्दल एक शब्द बोलला नाही. म्हणाला, "अरे, म्हणजे आई रोज शेवटी काहीतरी विचारते. आणि मी रोज हो म्हणतो."

"मग घरून फोन करून सरळ विचार ना," मी म्हणालो.

"विचारलं. म्हणते, काही नाही रे, असंच." त्याने खिडकीतून खाली उभ्या गाडीकडे पाहिलं. "वर्षभरात आवाज फारच वाढलाय. टायर बदलायला हवेत."

मला ते एकदम पटलं. गाडीतलं मला ओ की ठो कळत नसल्यामुळे गाडीबद्दल कोणी काहीही सांगितलं तरी मला ते पटतं.

त्यानंतर सुरू झाला तो शोध मुलीसाठी स्थळ बघावं तसा होता. लक्ष्मीनगरच्या अलीकडे एक टायरचं दुकान आहे, तिथे आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. याला टायर शांत हवा होता आणि शिवाय बारमाही. "ऑल-सीझन म्हणजे नक्की कोणते सीझन?" त्याने दुकानदाराला हिंदीत विचारलं. "सारे, सर," दुकानदार म्हणाला. हा तेवढ्यावर थांबणारा नव्हता. जूनमधला तापलेला रस्ता? पुलाखाली तुंबलेलं पाणी? आंधीची धूळ? जानेवारीतलं धुकं? दुकानदाराने हातातला चहा खाली ठेवला. "कोहरे में टायर क्या करेगा, सर? कोहरे में आप क्या करेंगे, वो सोचिए." एका टायरच्या कडेला बर्फाची खूण होती, ती पाहून मी मध्येच जाणकारासारखं म्हणालो की दिल्लीत बर्फ पडत नाही, तेव्हा हा ऋतू वगळून भाव कमी करता येईल का. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि त्यानंतर माझ्यासाठी चहा मागवणं बंद केलं.

शांत टायरचं रबर मऊ असतं, ते लवकर झिजतं; कडक रबर टिकतं, पण घुमतं. नक्षी बारीक असेल तर आवाज कमी, पण पाण्यात जपावं लागतं. हे ज्ञान मी ऑफिसात इतक्या आत्मविश्वासाने वाटलं की दोन सहकारी मला विचारून टायर घेऊन आले, आणि आता ते माझ्याशी बोलत नाहीत. त्याचा मात्र छापलेल्या माहितीवर विश्वास नव्हता. त्याला टायर ऐकायचा होता. म्हणून पार्किंगमध्ये मनात भरलेला टायर बसवलेली कोणाची गाडी दिसली की हा मालकाची वाट बघत उभा राहायचा आणि "भाईसाहब, जरा एक चक्कर?" म्हणायचा. दिल्लीचा माणूस वरून कितीही तापट दिसला तरी अशा विनंतीला नाही म्हणत नाही. अनोळखी लोकांच्या गाड्यांत मागच्या सीटवर आम्ही दोघं डोळे मिटून बसलो. एका गृहस्थांच्या बायकोने उतरताना आम्हाला प्रसाद दिला. मी फोनवर आवाज मोजायचं ॲप घेतलं होतं. अडचण एवढीच की मी आकडा वाचून दाखवला की माझ्या आवाजानेच आकडा वर जायचा. "तू फक्त श्वास घे," तो म्हणायचा, "तोही हळू."

शेवटी टायर ठरले. दुकानदाराने ते सुटकेच्या आनंदात बसवले आणि बजावलं, "पहले कुछ दिन आराम से चलाना, सर, नए हैं." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा गाडीत इतकी शांतता होती की माझ्या गुडघ्याचा आवाज मला पहिल्यांदाच ऐकू आला. एक्सप्रेसवे लागला. फोन वाजला. गुडघा झाला, मांजर झालं, माझी सर्दी झाली. काँक्रीटचा पट्टा आला आणि टायर हूं की चूं न करता त्याच्यावर चढले. तो नवऱ्या मुलाच्या बापासारखा माझ्याकडे बघून हसला. आणि आई शेवटचं वाक्य बोलली. ते ऐकू आलं नाही.

त्याने स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला. "आई, परत सांग." ती बोलली, पण पुन्हा काही कळलं नाही. टायर गप्प होते, मी गप्प होतो, एसी त्याने बंद केला होता. पहिला पेट्रोल पंप दिसला तिथे त्याने गाडी आत घेतली आणि इंजिन बंद केलं. तेव्हा आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं की टायरचा आवाज वाढलेला नव्हताच, आईचा कमी झाला होता; गुडघा, मांजर, सर्दी रोजचंच, म्हणून तेवढं आम्हाला अंदाजाने कळत होतं. रोज थोडा थोडा कमी होत गेला, आणि दिल्लीतले सगळ्यांत तीक्ष्ण कान असलेल्या माणसाला ते ऐकू आलं नाही. त्याच्याकडे बघवेना म्हणून मी पंपाची पाटी वाचत बसलो.

"आई, माझी गाडी थांबलीय. तू रोज शेवटी काय विचारतेस?"

"काही नाही रे. शनिवारी येतोस ना, एवढंच. तू हो म्हणतोस, म्हणून दूध जास्तीचं घेऊन ठेवते."

"आणि मी येत नाही तेव्हा?"

"काम निघालं असेल म्हणते. तिथे कामं निघतातच. मग दही लावते त्याचं. एकटीने एवढं दही खायचं म्हणजे घसा बसणारच की रे."

त्याने फोन ठेवला. मग मागे वळून त्याने माझा प्लास्टिकचा डबा उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "तू इथून रिक्षा कर. ऑफिसात सांग, नवे टायर आहेत, जरा आरामात चालवून बघतोय."

"कुठपर्यंत?"

"नाशिकपर्यंत."

मी उतरलो. गाडी पंपातून बाहेर पडली, आणि खरं सांगतो, तिचा आवाज अजिबात आला नाही.

तो तिकडेच राहिला. ऑफिसने आढेवेढे घेतले आणि मग घरून काम करायला परवानगी दिली. मी आता मेट्रोने जातो, वेळेवर पोचतो, आणि साहेबांना ते संशयास्पद वाटतं. सकाळी त्याच वेळेला त्याचा फोन येतो. परवा तो काहीतरी विचारत होता आणि डब्यात पुढच्या स्टेशनची घोषणा चालू होती. मी सवयीने "हो हो, ठेवतो" म्हणणार होतो. पण तसाच स्टेशनवर उतरलो, फलाटाच्या अगदी टोकाला जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "परत सांग."

"अरे, आई विचारतेय, तो शेजारी बसणारा कधी येणार?"

"येतो ना, लवकरच," मी म्हणालो.

मागून तिचा आवाज आला. बारीकच होता, पण शब्द न् शब्द कळला. "त्याला म्हणावं, नुसतं येतो म्हणू नको. तिकीट काढ, मग मी दूध सांगते."

मी पुढची गाडी सोडली, फलाटावर उभ्या उभ्या तिकीट काढलं, आणि ऑफिसला उशिरा पोचलो.