तीनदा बेल
तिसऱ्या मजल्यावरचं ते घर सुट्टीला येणाऱ्या कुटुंबांना आठवड्याच्या भाड्यानं मिळायचं. चावी द्यायला, चादरी बदलायला, फरशी पुसायला एकच बाई होती. पाहुणे तिला चावीवाली म्हणत, आणि तिला ते पाहुणे डोळ्यांसमोर नको असत. बॅगांची चाकं जिन्यावर खडखडवत यायचं, बाल्कनीत उभं राहून "किती शांत गल्ली आहे ना!" म्हणायचं, आणि जाताना मोरीच्या जाळीत केसांचे पुंजके ठेवायचे. शांत कसली डोंबलाची! गल्लीतली माणसं एकेक करून हाकलली, म्हणून शांत.

तीही हाकललेल्यांतलीच. याच घरात तिनं एकोणीस वर्षं भाड्यानं संसार केला होता. मग घरमालकाच्या डोक्यात शिरलं, की कायमच्या भाडेकरूपेक्षा आठवड्याचे पाहुणे परवडतात. महिन्याभरात बिऱ्हाड बाहेर. तिच्या नवऱ्यानं हाय खाल्ली, अंथरूण धरलं ते सोडलंच नाही. तो गेल्यावर मालकाला साफसफाईला बाई हवी आहे असं कळलं, तेव्हा ही आपणहून पुढे झाली. बहीण म्हणाली, "लाज नाही वाटत तुला?" वाटत होती की! पण हातात चावी असली, की नवरा बसायचा त्या खिडकीशी दोन मिनिटं टेकता येत होतं. तेवढ्यासाठी ती परक्यांची मोरी घासत होती.

मालकाचा नियम एकच. पाहुणे असताना तीनदा बेल वाजवायची, कुणी उघडलं तरच आत जायचं.

या खेपेला आलं ते चौकोनी कुटुंब होतं, नवरा, बायको, दोन मुली. चावी देताना तिनं नेहमीसारखं बजावलं, "आतून कुलूप एकदाच फिरवा हं. दोनदा फिरवलंत तर दार अडकतं. मग बाहेरून कुणाला तरी गुडघा लावून ते उचलून धरावं लागतं."

"कुलूप लावता येतं आम्हाला," बायको म्हणाली.

"मग प्रश्नच मिटला," चावीवाली म्हणाली आणि जिना उतरताना पुटपुटली, "शहाणी कुठली!"

शुक्रवारी ती धुतलेले टॉवेल घेऊन वर आली. रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, डोकं ठिकाणावर नव्हतं. सवयीनं तिनं चावी लावली, दार ढकललं, चपला कोपऱ्यात काढल्या आणि एकोणीस वर्षं म्हणायची तसं म्हणाली, "अहो, आले हो मी."

न्हाणीघरातून टॉवेल गुंडाळून निघालेली पाहुणी किंचाळली. तिचा नवरा धावत आला. "कोण गं तू? चोरी करायला शिरलीस?"

पाय धरले असते तर कदाचित निभावलं असतं. पण तिच्या तोंडून निघून गेलं, "माझं घर आहे हे!"

"ऐकलंस? म्हणे हिचं घर!" त्यानं तिथल्या तिथे मालकाला फोन लावला.

संध्याकाळी मालक फोनवर तिच्यावर उखडला. "उद्या सकाळी चावी खालच्या टपालपेटीत टाक. परत वर फिरकायचं नाही."

"निदान महिन्यातून एकदा तरी..."

"एकदाही नाही."

शनिवारी सकाळी तिनं चावी पेटीत टाकली. पेटीची किल्ली मालकाकडे, म्हणजे आता हात घालूनही उपयोग नव्हता. वर दाराबाहेर तिची बादली राहिली होती, ती आणायला ती जिना चढली. खाली टॅक्सी हॉर्न वाजवत होती आणि वरचं दार आतून गदागदा हलत होतं.

"कोण आहे बाहेर?" आतून पाहुणीनं विचारलं.

"चावीवाली."

"अहो मावशी, देवासारख्या आलात! दार अडकलंय. मालक म्हणतात, यायला दोन तास लागतील, आणि आमची गाडी साडेनऊची आहे."

काल चोर, आज मावशी. "दोनदा फिरवलंत?" तिनं विचारलं.

आतून धाकटी मुलगी बोलली, "बाबा म्हणाले, ती बाई परत येईल."

चावीवालीनं दाराची मूठ धरली. कुठे गुडघा लावायचा ते गुडघ्याला ठाऊक होतं.

"मावशी, उचला ना! काय हवं ते देऊ."

"मला दोन मिनिटं आत यायचंय," ती म्हणाली. "त्या खिडकीशी बसेन आणि जाईन. माझा नवरा बसायचा तिथे."

आत कुजबुज झाली. मग पाहुणीच्या नवऱ्याचा आवाज आला, "आत पाऊल टाकायचं नाही! मुली आहेत इथे. नुसतं दार उघड."

तिनं मूठ सोडली. बादली उचलली. मग बेल वाजवली, एकदा, दोनदा, तीनदा, आणि नियमाप्रमाणे थांबली.

कुणी उघडलं नाही. ती जिना उतरायला लागली.