रोज एकच गोळी

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभ्या आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता. फुप्फुसाचा कॅन्सर मात्र त्यांनाच झाला. आमच्या जवळा बाजार गावातले त्यांचे मित्र दारात बिडी विझवून भेटायला येत, हळहळत आणि बाहेर पडताच पुन्हा पेटवत.

आबांचं कीटकनाशकांचं दुकान. दरवर्षी तेच औषध मागणाऱ्या गिऱ्हाइकावर ते खवळत. "एकच औषध मारून राहिला तर अळी हटंल का? मरायच्या त्या मेल्या. आता उरलेल्यांचीच पैदास होऊन राहिली."

त्यामुळे नांदेडच्या डॉक्टरांनी गाठ तपासून रोज एक गोळी लिहून दिली, तेव्हा आबांनी आधी एवढंच विचारलं, "रोज एकच? बदलायची कवा?"

डॉक्टर हसले. "चालते तोवर चालू द्या."

चांगली चालली. दम लागायचा थांबला, भूक आली, गिऱ्हाइकांवर ओरडणं सुरू झालं. मला इतका आनंद व्हायचा की फोनवर ते ओरडणं मी मुद्दाम ऐकत बसायची.

दुसऱ्या वर्षी खोकला परत आला. आईनं दोष हळदीच्या दुधाला दिला, काकांनी मेडिकलवाल्याला, शेजारणीनं नजरेला. डॉक्टरांनी कुणालाच दिला नाही. गोळीनं मरणाऱ्या पेशी मेल्या होत्या, ज्यांच्यात नवा बदल झाला त्या वाढल्या होत्या. आता पुन्हा गाठीचा तुकडा काढून तपासायचा. ओळखीचा बदल सापडला तर दुसरी गोळी होती. नाहीतर सलाईनमधून केमो, आणि ती आबांना झेपेल याची खात्री डॉक्टर देईनात.

रिपोर्ट येईपर्यंत मी घरी येऊन राहिले आणि सगळ्यांशी भांडून घेतलं. आबा दुकानात बसून होते.

बदल सापडला. दुसरी गोळी मिळाली. मी डॉक्टरांच्या टेबलापुढेच रडले. आबांनी मात्र विचारलं, "अन् ही बी गाठीनं पचवली तर?"

"तोवर नवीन औषध येईल, काका."

आबांनी मान हलवली. परतताना गाडी मी चालवत होते. वसमत मागं पडल्यावर ते म्हणाले,

"मी बी गिऱ्हाइकाला हेच सांगतो, माय. नवीन औषध येईल म्हणून."

"मग बराबरच आहे की."

"मला कुठं काय ठावं ऱ्हातं? त्याचं तोंड बघवत न्हाई, म्हणून सांगतो."