भरवशाचा आकडा

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ते निवृत्त झाले त्यानंतरचा सोमवार बाईंना जसाच्या तसा आठवतो. आठवला की कामात लक्ष लागत नाही.

हॉस्पिटलच्या तळघरात, संगणकांचं जाळं सांभाळणाऱ्यांच्या खोलीत, दोनच खुर्च्या. पंख्याखालची काकांची, राउटरच्या घरघरीशेजारची बाईंची. काका त्यांना ‘वकीलबाई’ म्हणत, कारण बाई रोज एकाच मुद्द्यावरून भांडत.

मुद्दा असा. एक्स-रेचा फोटो ऑपरेशन थिएटरात कोणत्या रस्त्याने जाणार, हे राउटर ठरवतो. काही रस्ते माणूस हाताने लिहून देतो, काही राउटर शेजारच्या राउटरांना विचारून शिकतो. एकाच ठिकाणी जायला दोन्ही मिळाले, तर तो भरवशाचा आकडा बघतो. आकडा लहान तितका भरवसा मोठा. हाताने लिहिलेल्याला एक, विचारून शिकलेल्याला एकशेदहा. म्हणजे हाताने लिहिलेलं ते ब्रह्मवाक्य, मग पुढे कुठे तार तुटलेली का असेना!

काकांनी सगळे रस्ते हाताने लिहिले होते. बाईंनी पहिल्याच वर्षी राउटरांना एकमेकांना विचारायला शिकवलं.

“काका, आता तुमच्या ओळी पुसा की.”

“राउटरांच्या गप्पांवर पेशंट सोडू? तुझं चालू दे, वकीलबाई,” म्हणत काका चहा ओतायचे. मुख्य राउटरचा पासवर्ड त्यांच्या एकट्याकडे, त्यामुळे तिथल्या ओळी बाईंना दिसतही नसत. आपलं काम नुसतं शोभेला ठेवलंय, हे बाईंना सहा वर्षं सलत होतं. दोनदा तर त्यांनी राजीनामा लिहून फाडला.

त्या सोमवारी पासवर्ड हाती आला. बाई पदर खोचून बसल्या, एकेक ओळ पुसायचीच म्हणून. ओळी होत्या. पण प्रत्येकीपुढे काकांनी एकाच्या जागी मुद्दाम आकडा घातला होता, अडीचशे. बदलाची तारीख पाच वर्षांपूर्वीची. पाच वर्षं अख्खं हॉस्पिटल बाईंच्या रस्त्यांवर चाललं होतं. ते बंद पडले तरच काकांच्या ओळी पुढे येणार होत्या.

बाईंनी फोन लावला. “काका, पाच वर्षं! एका शब्दानं बोलला नाहीत?”

“सांगितलं असतं तर डोक्यावर बसली असतीस.” मग म्हणाले, “आणि तुझंच बरोबर होतं, हे तोंडावर कबूल करायचं जिवावर आलं गं.”

फोन कानाला लावून बाई नुसत्या रडत राहिल्या, आणि पलीकडे काकाही फोन ठेवीनात.