खंडेनवमीला पुजलेला कॉम्प्युटर

माझी नोकरी गेली ती स्क्रीन उशिरा जागी व्हायची म्हणून. हे सांगितलं की समोरचा माणूस हसतो. साहेबाशी वाजलं, काम झेपलं नाही, अशी कारणं लोकांना पटतात. हे पटत नाही, आणि पटवत बसायचा मला आता कंटाळा आला आहे.

लग्न होऊन मी मांडवगण फराट्याला आले, तेव्हा माझ्याबरोबर माझा कॉम्प्युटर आला. पुण्यातल्या एका ऑफिसचं काम मी घरून करायचे. दवाखान्यांची बिलं स्क्रीनवर यायची. नाव, तारीख, औषधं जुळतात का ते बघायचं आणि पुढं पाठवायचं. दिवसभर तेच. फार हुशारीचं काम नव्हतं, पण माझं होतं. या घरात बाकी सगळं आधीच कुणाचं ना कुणाचं होतं. चूल सासूबाईंची, गोठा सासऱ्यांचा आणि नवरा शिफ्टवाल्या कारखान्याचा.

माझ्या कामाला मात्र घरात कुणी काम म्हणत नव्हतं. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. ते पाहुण्यांना सांगायचे, "सूनबाई आत टीव्हीम्होरं बसलीया." कांद्याच्या लागणीला बायका कमी पडल्या की हाक यायची, "तू मोकळीच हायेस न्हवं?" मी मोकळी नसायचे. उठायचेही नाही. मग दोन दिवस कुणी माझ्याशी धड बोलायचं नाही आणि मीही कुणाशी बोलायचे नाही. माझा स्वभाव मुळातच असा.

म्हणून पहिल्या खंडेनवमीला जे झालं ते मी विसरू शकत नाही. अंगणात पोत्यावर घरची हत्यारं मांडली होती. कोयते, खुरपी, पहार, फवारणीचा पंप, आबांची कुऱ्हाड. सासूबाई पूजेचं ताट घेऊन बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "हिचं हत्यार कुठंय?"

"तिचं कसलं हत्यार?" आबा म्हणाले.

"त्यो कॉम्प्युटर. त्याच्यावरच राबती न्हवं ती दिसभर?"

राबती. हा शब्द त्यांनी माझ्यासाठी पहिल्यांदाच वापरला. कॉम्प्युटर बाहेर नेण्यासारखा नव्हता, म्हणून त्याच ताट घेऊन आत आल्या. विजेच्या वस्तूला चालू वायरीवर ओला हात लावायचा नाही, ही आमच्या घरची सक्त रीत. विहिरीवरच्या मोटारीलाही फ्यूज काढल्याशिवाय कुंकू लागत नाही. त्यांनी मला मागच्या सगळ्या वायरी काढायला लावल्या, त्या पाटावर ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि मूठभर अक्षता टाकल्या. "पोरीच्या कामाला यश दे," असं काहीतरी पुटपुटल्या. मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वायरी परत लावल्या. एक जरा अडत होती. अंगठ्यानं जोर दिला, बसली.

दोन-चार दिवसांत लक्षात आलं की स्क्रीन उशिरा लागते आहे. पाच मिनिटं हात लावला नाही की स्क्रीन काळी होणार, असा ऑफिसचा नियम होता आणि तो मला बदलता येत नव्हता. पूर्वी माउस हलवला की चटकन उजेड यायचा. आता खालचा बारीक दिवा लुकलुकत राहायचा आणि वर अंधार. मी मनात आकडे मोजायचे. कधी तीस, कधी शंभरच्या पुढं. तेवढ्यात माझं बिल दुसऱ्या कुणाकडं जायचं आणि माझ्या नावापुढं 'जागेवर नाही' असं उमटायचं. मी तर जागेवरच असायचे, तोंडात शिवी घेऊन.

ऑफिसच्या माणसानं फोनवर सांगितलं, वायर काढून परत लावा. लावली. बंद करून चालू करा. केलं. मग त्यानं दुरून आत शिरून बघितलं आणि म्हणाला, "तुमच्या कॉम्प्युटरला काही झालेलं नाही, मॅडम." काळी स्क्रीन त्याला तिकडून कशी दिसणार?

एका रविवारी नवऱ्यानं नुसती स्क्रीन गाडीला बांधून शिरूरला नेली. दुकानात त्यांच्या वायरीनं ती डोळ्याची पापणी लवायच्या आत लागली. दुकानदार म्हणाला, सगळा संच दोन दिवस ठेवून जावा, मग बघू, नाहीतर तुमच्या घरची लाईटच खराब असणार. दोन दिवस ठेवला तर मी दोन दिवस गैरहजर, म्हणून ते जमण्यासारखं नव्हतं. मग लाईटच खराब, असं घरात सगळ्यांनी धरलं. स्टॅबिलायझर आला. शेजारच्यांची मोटार चालू झाली की आबा दारातून ओरडायचे, "बघ आता, गेला तुझा टीव्ही." आमची स्वतःची वायर तपासावी हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. वायर ती वायर, तिला काय होणार?

शेवटी एकच उपाय उरला. स्क्रीन झोपूच द्यायची नाही. जेवताना माझा डावा हात माउसवर. पाणी प्यायला उठले तरी जीव तिकडं. न्हाणीघरात जायचं असलं की सासूबाई येऊन बसायच्या. पाळणा हलवावा तसा त्या माउस हलवत राहायच्या, नजर स्क्रीनवर, पापणी न पाडता. "जा तू निवांत," म्हणायच्या, "म्या हाय." एवढं मला आजवर कुणी जपलं नव्हतं.

तरी दिवसातून पाचसात वेळा चुकायचंच. संक्रांतीनंतर ऑफिसातल्या मुख्य बाईंचा फोन आला. माझ्यापेक्षा वयानं लहान होत्या, गोड बोलत होत्या. जागेवर नसण्याचं प्रमाण फार आहे, म्हणाल्या. मी स्क्रीनचं सांगितलं. "हो, पण किती महिने तेच सांगणार?" त्या म्हणाल्या. त्यांचंही चूक नव्हतं. महिनाअखेरीला माझा पासवर्ड बंद झाला.

पुढच्या आठवड्यात मी कांद्यात खुरपायला गेले. कुणी हाक मारली नव्हती.

उन्हाळ्यात ठरवलं, विकून टाकायचा. डोळ्यासमोर नको. नवऱ्याबरोबर सगळा संच, वायरींसकट, भीमेच्या पुलावरून दौंडला नेला. तिथल्या दुकानदारानं विकत घेण्याआधी सगळं जोडून बघितलं. स्क्रीन लागेना. त्यानं वायर उपसली, तिच्या तोंडात बॅटरी मारली आणि टाचणीनं काहीतरी उकरून तळहातावर घेतलं. तांदळाची कणी. कुंकवानं लाल झालेली.

"पूजा केलती का, ताई?" तो हसला. "ही मदी अडकली, म्हंजी वायर पुरी टेकतच न्हाई. लागली तर लागली, न्हाईतर न्हाई."

त्यानं तीच वायर परत लावली. स्क्रीन लगेच उजळली. नवरा माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणाले, विकायचा नाही. आणि पुलावर गाडी आली तेव्हा म्हणाले, आईंना सांगायचं नाही. मला त्या कणीचा राग आला होता, माझ्या अंगठ्याचा आला होता, आणि सासूबाईंचा येत नव्हता याचाही आला होता.

घरी सांगितलं की वायर खराब होती, नवी घातली. सासूबाई खूश झाल्या. यंत्र बिघडलं म्हणून काम गेलं, आता यंत्र नीट झालं म्हणजे काम येणार, असा त्यांचा साधा हिशेब. दर पंधरा दिवसांनी विचारायच्या, "बोलावलं का गं हापिसानं?" मी म्हणायचे, अजून नाही. मी दुसरीकडं अर्जही केले. कामावरून का काढलं, असं सगळे विचारतात, आणि मी खरं सांगितलं की फोन आटोपता घेतात.

यंदाच्या खंडेनवमीला पोत्यावर मी वापरते ते खुरपंही होतं. तरी सासूबाई ताट घेऊन आत आल्याच. मी वायरी काढल्या. त्यांनी अक्षता उचलल्या तेव्हा मी त्या वायरीचं तोंड मुठीत घट्ट धरून ठेवलं. लाल तांदूळ माझ्या बोटांवर पडले. त्यांनी कॉम्प्युटरला हात जोडले, मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आज हत्याराला हात लावायचा नसतो. उद्यापास्नं कर तुझं काम."

"हो," मी म्हणाले.